घराला ‘मुक्काम पडला’ ऐकायची सवय हवी

प्रश्न : नवऱ्याला कॅनडातल्या येलोनाइफमध्ये एका खाणकंपनीच्या विमानावर पायलटची नोकरी मिळते आहे. मुलं दोन आणि पाच वर्षांची. थंडीची धास्ती वाटते. जावं का?

उत्तर : अगं, थंडी कपड्यांनी, गरम घरानं आणि गाडीच्या इंजिनाला रात्री प्लग लावून निभावते. मला काळजी वाटते ती घाईची. एअरलाइनमध्ये उड्डाण रद्द झालं तर लोकांना तोंड द्यायला काउंटरवर माणसं असतात. कंपनीच्या विमानात मागे साहेब बसलेले असतात आणि ‘आज नाही’ हे त्यांना पायलटनंच सांगायचं असतं.

समजा, उणे २५ अंश. खाणीजवळची धावपट्टी, हँगर नाही. साहेबांची बैठक लांबते. तोवर इंजिनावर रजईसारखं आच्छादन घालायचं, हीटरची जाड नळी लावून आत गरम हवा सोडायची, रात्र काढायची असेल तर बॅटरी उबेला आणायची. केबिनच्या टाकीतलं पाणीही काढून टाकायचं, नाहीतर गोठून नळ्या फुटतात. मग पंखावर हात फिरवून बघायचं. पातळ हिम नजरेला चुकतं, हाताला सँडपेपरसारखं लागतं. तेवढ्यानंही पंखाची उचल घटते, म्हणून पंखाला हिम चिकटलेलं असताना उड्डाणाला कॅनडात कायद्यानंच मनाई आहे. केशरी गरम द्राव मारून ते उतरवायचं, वरून नवं हिम चिकटू नये म्हणून हिरवा दाट द्राव. बर्फ पडत असेल तर त्याचा असर किती टिकेल हे मिनिटांत मोजतात. तो वेळ उलटला की पुन्हा तपासणी, नाहीतर पुन्हा फवारणी. आणि साहेब घड्याळ बघत असतात.

म्हणून त्याला मुलाखतीत विचारायला लाव : विमान रात्री गरम हँगरमध्ये असतं का? मागच्या हिवाळ्यात पायलट नाही म्हणाला, तेव्हा पुढं काय झालं? दुसऱ्या प्रश्नाला ते चाचरले, तर पगार कितीही असो, जाऊ नका.

आता तुझ्याबद्दल. माझा नवरा उत्तरेत उडत होता तेव्हा मुलीला ताप आला आणि मी फोनवर म्हटलं, ‘आज तरी ये.’ तो आला. हातमोजे न काढता जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला, बराच वेळ बोलला नाही. आपण काय केलं ते मला तेव्हा उमगलं. त्यानंतर मी फोनवर एवढंच विचारायचे, ‘मुक्काम पडला?’ म्हणजे आज रात्री तिथंच थांबतोस ना. तो म्हणायचा, ‘पडला.’ त्यासाठी पाळणाघर, डॉक्टर, किल्ली ठेवायला शेजारी, हे सगळं तो नसताना चालेल असं आधीच लावून ठेव.

आणि गाव बघायला जूनमध्ये जाऊ नका. तेव्हा तिथं नीट रात्रच होत नाही, कुणालाही भुरळ पडते. डिसेंबरात जा, दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. दोन्ही मुलांना घेऊन जा. त्यांना बाहेरचे कपडे चढवायला किती वेळ लागतो, तेही तेव्हाच कळेल.