पायाच्या बोटांमधील चिखल्या पुन्हा पुन्हा का होतात आणि त्यांवर कोणते मलम लावावे?

बोटांमधील चिखल्या आणि टाचांच्या भेगा सतत परत येतात, तेव्हा लवकर गुण देणारे एखादे मलम सुचवा, असे आपण विचारले आहे. खाजेवर सर्वांत लवकर गुण दिसतो तो स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने, आणि चिखल्यांवर मनाने कधीही लावू नये तेही नेमके हेच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या करंगळीच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, तेव्हा थोरल्या भावाने डॉक्टरांना न विचारता एक मलम आणून दिले. त्यात बुरशीनाशक, जंतुनाशक आणि क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टिरॉइड, अशी तिन्ही औषधे एकत्र होती. खाज लगेच थांबली, लाली ओसरली आणि औषध लागू पडल्याचे दादाने सर्वांना सांगितले. पुढे मलम बंद केले की खाज उठे आणि लावले की बसे. या चक्रात चट्टा पावलाच्या वरच्या बाजूला पसरला, त्याची ठळक कड पुसट झाली आणि काही काळाने जांघेतही तसाच चट्टा उमटला. शेवटी मी वडिलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. दादा मात्र अजूनही म्हणतो की मलम उत्तम होते, वडिलांनी ते सलग लावले नाही एवढेच.

हे मला मुळीच मान्य नाही. चिखल्यांची लाली आणि खाज बऱ्याच अंशी बुरशीशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येते. स्टिरॉइड ती लढाई थांबवते, त्यामुळे रुग्णाला आराम वाटतो आणि बुरशीला रान मोकळे मिळते. ते मलम सलग लावले असते, तर जांघेतील नाजूक त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे वळ उठण्याची भीती होती.

तेव्हा मलम घ्यायचे ते निव्वळ बुरशीनाशक घ्यावे आणि नळीवरील घटक वाचूनच घ्यावे. टर्बिनाफिन साधारण १ ते २ आठवडे आणि क्लोट्रिमॅझोल साधारण ४ आठवडे लावावे लागते. खाज गेली म्हणून मध्येच थांबू नये, आणि चट्ट्याभोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही मलम लावावे. एवढे करूनही चिखल्या परततात, तेव्हा बुरशी बहुधा नखांत, दमट बुटांत किंवा घरातील दुसऱ्या कोणाच्या पायांत टिकून असते. जाड, पिवळट झालेली नखे असतील, तर ती दाखवून घ्यावीत. नखांतील बुरशी साध्या मलमाने सहसा जात नाही. पाय धुतल्यावर चौथ्या आणि पाचव्या बोटांमधील जागा वेगळ्या कापडाने टिपावी, मोजे रोज बदलावेत आणि एक जोड वाळत असताना दुसरा वापरावा. चिखल्या असताना अंतर्वस्त्र घालण्यापूर्वी मोजे घालावेत, कारण जांघेपर्यंत बुरशी अनेकदा पायांवरून कपड्यांमार्फतच पोहोचते.

टाचांच्या भेगांसाठी युरिया असलेले मलम रात्री लावणे बहुतेकांना पुरते. बोटांच्या बेचक्यात मात्र ते लावू नये. तळव्याचा कोरडा कोंडा त्यानेही हटला नाही, तर तीही बुरशी असू शकते.

हे सर्व निरोगी व्यक्तीसाठी झाले. आपल्याला मधुमेह असेल किंवा पायांची संवेदना कमी झाली असेल, तर कुरूप काढण्याच्या सॅलिसिलिक आम्लाच्या पट्ट्या आणि ब्लेड यांना हातही लावू नये. त्यांनी झालेली जखम दुखत नाही आणि म्हणून लक्षातही येत नाही. बेचक्यातील चिरेतून जंतू आत शिरून पाय लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला, तर मलमावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.