सागवानी जमिनीतले जुने खिळे

प्रश्न: आमच्या जुन्या वाड्यात माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. वरचे लिनोलियम काढल्यावर चुका (ते ठोकायचे बारीक खिळे) आणि गंजलेले खिळे दिसू लागले. घासायचे मशीन लावण्याआधी सगळे खिळे काढायला सांगितले आहे. फळी न चिरता ते कसे काढावेत?

उत्तर: सगळे काढू नका. आधी खिळ्यांची ओळ बघा. सारख्या अंतरावर, एका सरळ रेषेत आलेले खिळे खालच्या कड्यांमध्ये (फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडांत) गेलेले असतात आणि त्यांनीच फळी धरून ठेवलेली असते. ते उपसलेत तर चालताना जमीन करकरू लागेल. असे खिळे पंच (खिळा आत ठोकायची लोखंडी दांडी) ठेवून पृष्ठभागाखाली 3 मिलिमीटर दाबा. पंचाचे टोक खिळ्याच्या डोक्यापेक्षा लहान असावे, नाहीतर भोवतालचे लाकूड चेपते.

काढायच्या आहेत त्या लिनोलियमच्या चुका आणि कडीत न गेलेले सुटे खिळे. चुका सोप्या: खाली पातळ पट्टी सरकवा आणि तिच्यावर टेकवून पेचकसाने उचला.

गंजलेल्या खिळ्याला मात्र घाई चालत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खिळा लाकडात आवळून बसतो. सरळ ओढला की लाकडाचा टवका घेऊनच वर येतो. म्हणून आधी उलटे करा: डोक्यावर हातोडीचे एक-दोन हलके ठोके देऊन खिळा किंचित आत सारा, म्हणजे गंजाची पकड सुटते. तरीही हलला नाही तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर मिनिटभर धरा. मग जंबुराने डोके पकडून थोडा थोडा वर घ्या. जंबुराखाली लाकडाचा सपाट तुकडा हवाच. नुसत्या फळीवर टेकवून जोर दिला की कायमचा खड्डा पडतो. खिळा वर येत जाईल तसा जाड तुकडा घ्या. लांब खिळा एका झटक्यात वाकवून काढला तर भोक लांबट होते.

एखादी फळी सुटी झालीच असेल तर तिचे खिळे वरून ठोकून काढू नका. बारीक डोक्याचे खिळे मागच्या बाजूने जंबुराने ओढा. टवका उडालाच तर तो न दिसणाऱ्या बाजूला उडेल.

मशीन लावण्याआधी सगळ्या जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. राहून गेलेला खिळा सँडपेपर तर फाडतोच, पण त्याची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली की आग लागू शकते. याच कारणासाठी फळीवर ग्राइंडरने खिळे कापणे टाळा.

प्रश्न: डोके तुटून खिळा आतच राहिला तर?

उत्तर: जागा दिसणार नसेल तर आत दाबून मोकळे व्हा. काढायचाच असेल तर खिळ्यापेक्षा 1-2 मिलिमीटर मोठे पोकळ ड्रिल बिट घ्या, म्हणजे ते खिळ्याभोवतीचे लाकूड कापते. ते घसरू नये म्हणून भोक पाडलेला लाकडाचा तुकडा क्लॅम्पने वर बसवा. पक्कड बसून खिळा ओढता येईल एवढे, म्हणजे साधारण 10 मिलिमीटर खोल गेले की पुरे. भोकात सागाचीच गुल्ली (लाकडाची गोल खुंटी) बसवा, रेषा फळीच्या रेषेला जुळवून. साग तेलकट असतो, त्यामुळे फेविकॉल लावण्याआधी भोक आणि गुल्ली थिनरने पुसून वाळू द्या.

प्रश्न: भोकांभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत.

उत्तर: ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचे डाग आहेत, खोल मुरतात. 1 लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा आणि पूर्ण फळीवर लावा. फक्त डागावर लावले तर तेवढाच भाग फिका दिसतो. 20 मिनिटांनी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसा. हे विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा. नीट पुसण्याआधी सँडिंग करू नका, उरलेल्या पावडरीची धूळ छातीत जाते. खिळा उघडा राहिला असेल तर ओल लागताच डाग परत येतो.