डोळे चांगले असूनही वडिलांना डावीकडचं का दिसत नाही?

स्ट्रोकनंतर वडिलांना डावीकडचं दिसत नाही, डोळे तपासले तर ते उत्तम आहेत, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'उजवा ऑक्सिपिटल लोब' असं लिहिलंय. मग बिघडलंय काय, असं तुम्ही विचारलंय. मी स्ट्रोकच्या रुग्णांबरोबरच काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑक्सिपिटल लोब हा मोठ्या मेंदूचा सगळ्यात मागचा भाग, लहान मेंदूच्या वर. त्याच्या आतल्या अंगाला कॅल्कराइन नावाची खोल खाच असते. डोळ्यांकडून निघालेली माहिती मेंदूच्या पृष्ठभागावर पहिल्यांदा पोचते ती या खाचेच्या दोन काठांवर, तीही उलटी: वरच्या काठावर खालचं दृश्य, खालच्या काठावर वरचं. रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागूनही वाचलेले सैनिक तपासून तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०९ मध्ये हा नकाशा मांडला. मला आजही त्याचं नवल वाटतं.

डावीकडचं दृश्य, मग ते कुठल्याही डोळ्यात शिरलेलं असो, उजव्या लोबात जातं. म्हणजे वडिलांचा डावा डोळा गेलेला नाही, दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालंय. समोर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि एकेक डोळा झाकून बाजूने बोट आत आणा. डावीकडून येणारं बोट दोन्ही वेळा उशिरा दिसेल.

या भागाला रक्त मुख्यतः पोस्टिरियर सेरेब्रल आर्टरी पुरवते. मागच्या टोकाला मात्र अनेकांमध्ये दुसऱ्या रक्तवाहिनीचाही आधार असतो, आणि नजरेच्या मध्याचं दृश्य तिथेच उमटतं. त्यामुळे अर्धी बाजू जाऊनही समोरचा चेहरा नीट दिसू शकतो. दोन्ही लोब गेले तर माणूस आंधळा होतो, तरी उजेडात बाहुली आकसते. काहींना तर आपल्याला दिसत नाही हेच पटत नाही. त्याला अँटन सिंड्रोम म्हणतात.

सुधारणा झालीच तर बहुतेक पहिल्या काही महिन्यांत होते. वाचताना त्यांना ओळीची सुरुवात सापडत नसेल, तर पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा आणि ती दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची सवय लावा. दृष्टिक्षेत्राची चाचणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी अजिबात चालवू देऊ नका. नजरेत पुन्हा अचानक फरक पडला, तर चष्म्याच्या दुकानात नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.