हा डोंगची सिंहीण कुठली?

प्रश्न असा आलाय: व्हिएतनामात नवऱ्याचं बाहेर लफडं असल्याचं कळून बायको चवताळली, की तिला 'हा डोंगची सिंहीण' म्हणतात. हे हा डोंग म्हणजे हनोईचं रेशमासाठी प्रसिद्ध उपनगरच का? आणि नवऱ्याला 'भाताचा कंटाळा, फोची हाव' असं का म्हणतात?

भात म्हणजे घरची बायको, फो हे नूडल्सचं सूप म्हणजे बाहेरची. झालं.

सिंहीण मात्र हनोईची नाही. 'हा डोंगच्या बायकाच तिखट, म्हणून ही म्हण' असं प्रवासवर्णनांत बिनदिक्कत ठोकून दिलेलं वाचलं की संताप येतो. तिथल्या प्रांताला हे नाव मिळालं १९०४ मध्ये. सिंहीण त्याच्या आठशे वर्षं आधीची, आणि तीही चीनमधली. हा डोंग म्हणजे 'नदीच्या पूर्वेचा मुलूख'. नदी ह्वांग हो. अकराव्या शतकात सू डोंगपो या कवीनं आपल्या मित्राची कवितेत टर उडवली. हा मित्र रात्र-रात्र जागून शून्य आणि अस्तित्व यांवर बोलत बसायचा, पण हा डोंगच्या सिंहाची गर्जना कानी पडली की हातातली काठी गळून पडायची. बायको ल्यू आडनावाची, आणि ल्यू घराण्याचं मूळ हा डोंगचं.

पण सिंहच का? कोशकार 'रागीट स्वभावावरून' असं लिहून मोकळे होतात, आणि गाभा तिथेच निसटतो. मित्राला बौद्ध तत्त्वज्ञानाचा नाद होता, आणि बुद्धाच्या उपदेशाला म्हणतात सिंहनाद! पालीत महासीहनाद सुत्तच आहे. कवीनं बुद्धाची गर्जना बायकोच्या तोंडी घातली. आपला सिंहनाद चीनमार्गे हनोईच्या संसारात पोचला तो असा. चिनी वाक्प्रचारात भर गर्जनेवर आहे, व्हिएतनामीत खुद्द सिंहिणीवर. माझ्या मते याचं कारण त्या नावाचं गाव हनोईच्या शेजारीच होतं, हे. ऐकणाऱ्याला ती शेजारीणच वाटली.

वाक्प्रचारातली आणखी एक बायको आहे, ती गर्जत नाही. व्हिएतनामी कवी न्गुयेन झूच्या 'कियेउची कथा' या काव्यातली होआन थू नवऱ्यानं चोरून केलेल्या बायकोला पळवून आणते, दासी करते आणि हसतमुखानं नवऱ्यासमोरच तिला दारू ओतायला, वाद्य वाजवायला लावते. मत्सरी बाईच्या अंगात आजही 'होआन थूचं रक्त' असतं.

म्हणजे नावं पडली ती बायकांना. पुरुषासाठी जुनी म्हण आहे: त्यानं पाच बायका, सात रखेल्या कराव्यात, पतिव्रतेला नवरा एकच. १९५९ मध्ये उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही सरकारांनी बहुपत्नीत्व कायद्यानं बंद केलं. म्हण बंद करणं कुणाच्याच हाती नव्हतं.

आणि त्यांच्या 'न्गोआय तिन्ह'चं भाषांतर कृपा करून 'व्यभिचार' करू नका. न्गोआय म्हणजे बाहेर, तिन्ह म्हणजे मनाची ओढ. आपल्याकडे 'बाहेरख्याली' तयार असताना पोथीतला शब्द कशाला?