धार कोण काढणार?

"काही दुखत नाही, खुपत नाही, मग मॅमोग्राफी कशाला? आणि सापडलंच काही तर?" मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे; आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. पुष्कळदा बाई स्वतः गप्प असते आणि तिच्या वतीनं सून नाहीतर मुलगी विचारते. अलीकडे मी उत्तरादाखल एका मावशींची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेऊन, ओळखीच्या खुणा बदलून इथेही तीच सांगते.

मावशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या, वय ५३. घरी तीन म्हशी, दूध दोन्ही वेळा संस्थेत. सून त्यांना घेऊन आली होती, म्हणजे जवळजवळ ओढूनच. "आत्या ऐकतच नाहीत मॅडम. त्यांच्या सख्ख्या नणंदेला कॅन्सर झाला, तरी नाही." मावशी खुर्चीच्या कडेला टेकलेल्या, पिशवी मांडीवर, कधीही उठतील अशा बेतात.

त्या दिवशी मी नवशिकीसारखी वागले. आकडे सुरू केले. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच, २०२२ या एका वर्षात देशात अंदाजे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण, त्यातल्या कितीतरी उशिरा येतात, वगैरे. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? पाचची एस्टी हाय आमची."

मी सुनेला केसपेपर काढायला पाठवलं आणि गप्प बसले. समुपदेशनात हे गप्प बसणंच मला अजून नीट जमत नाही. थोड्या वेळानं मावशी आपणहून बोलायला लागल्या. नणंदेनं गाठ लिंबाएवढी होईतो कुणाला दाखवली नव्हती. मग ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं झालं. नणंद वाचली. "पण हात बघा तिचा. मुसळागत सुजलाय. बांगडी चढत न्हाई, धार तर लांबच. दोन म्हशी इकल्या मालकानं तिच्या. मला काय निघालं तर आमच्या धारा कुणी काढायच्या? पोराला येत न्हाई, सुनेला म्हस जवळ येऊ देत न्हाई."

मी मरणाच्या भीतीशी बोलत होते आणि बाईंना काळजी उजव्या हाताची होती.

मग हाताबद्दलच बोललो. गाठ मोठी होऊन काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली की त्यातल्या पुष्कळशा काढाव्या लागतात. हातातलं पाणी वाहून नेणारी वाटच तिथून जाते; ती तुटली की पाणी साठतं. काख अशी साफ केलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे सुजतो. तेच दुखणं काख मोकळी असताना हाती लागलं, तर पहिल्या दोन-तीन ग्रंथीच काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, आणि मग सुजेचं प्रमाण वीसात एकीच्या आसपास येतं. मावशींनी पिशवी खाली ठेवली. "म्हंजे हात ऱ्हायाचा असंल तर आधी बघाय पायजे." हे वाक्य त्यांचं, माझं नाही.

तेवढ्यात सून परत आली आणि 'घरातच कॅन्सर आहे' हे पालुपद पुन्हा सुरू झालं. नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण. तिच्या रक्ताचा मावशींशी संबंध नाही. संबंध असलाच तर मावशींच्या मुलीशी, कारण ती मुलीची सख्खी आत्या. वडिलांकडचं दुखणं आपल्याकडे कुणी धरतच नाही, डॉक्टरांना सांगताना फक्त आई-मावशी आठवतात. आणि उलट, "माझ्या माहेरात कुणालाच न्हाई" यानंही सुटका होत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो.

"तुमी केलाय का?" मावशींनी मध्येच विचारलं.

केलाय, तीनदा. पहिल्या वेळी मी अंगाला पावडर लावून गेले होते आणि ती पुसायला लावली, कारण पावडरचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. खोलीत एक बाई तंत्रज्ञ. कमरेवरचे कपडे काढायचे, समोरून उघडणारा गाऊन घालायचा. स्तन एका पाटीवर ठेवतात, वरून दुसरी पाटी येऊन दाबते. दाबतेच, खोटं कशाला बोलू. पण काही सेकंद. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो. अजून पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा बरा, तेव्हा दुखतं कमी. दाबल्यानं गाठ होत नाही. किरणंही थोडी असतात, एरवी सात-आठ आठवड्यांत निसर्गातून आपल्याला मिळतात साधारण तेवढीच.

मावशींची पहिली मॅमोग्राफी नॉर्मल आली. पेढे घेऊन आल्या, "सुटले बघा." मला त्यांना परत अडकवावं लागलं. विचारलं, मावशी, संस्थेत एकदा दुधाची फॅट लावली की वर्षभर तीच धरतात का? त्या हसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हशीची कास रोज हात फिरवून बघतोय आमी, दगडी झालीया का म्हणून. सोताला कोण बघतंय?" पन्नाशी ते सत्तरी दर दोन वर्षांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०२४ पासून चाळिशीपासूनच सुरू करायला सांगितलंय. आपलं वय, घराणं पाहून डॉक्टरांशी ठरवावं. जुन्या फिल्म मात्र टाकू नयेत, हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते.

दोन वर्षं झाली तेव्हा लग्नसराई आडवी आली, तीन महिने गेले. फोन करून करून मी त्यांना आणवलं. चार दिवसांनी सुनेचा रडत फोन: रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' लिहिलंय, म्हणजे काही उरलंच नाही का? बायरॅड्स ही मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरची ठरलेली श्रेणी; शून्याचा अर्थ इतकाच की चित्र अपुरं आहे, आणखी फोटो हवेत. असं परत बोलावलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो. मी म्हटलं, जुन्या फिल्म घेऊन या. त्या ट्रंकेत शालूच्या घडीत निघाल्या. रेडिऑलॉजिस्टनं उजेडाच्या पाटीवर दोन्ही शेजारी लावल्या. जुनीत काही नाही. नवीत, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, एक काटेरी कडांचा ठिपका. ९ मिलिमीटर. डॉक्टरांनी जागा माहीत असूनही चाचपलं, तरी हाताला लागला नाही.

सुईनं तुकडा काढायचा म्हटल्यावर घर पुन्हा बिथरलं. 'सुई लागली की पसरतो' हे आमच्याकडे इतकं मुरलंय की त्यापायी दोन-तीन महिने घालवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. सुईनं पसरत नाही, थांबल्यानं पसरतो. मावशी या खेपेला अडल्या नाहीत. निदान कॅन्सरचंच आलं. स्तन राखून ऑपरेशन झालं, काखेतल्या दोन ग्रंथी तपासल्या, दोन्ही स्वच्छ. मग शेक आणि आता रोजची गोळी. केमो लागली नाही.

प्रत्येकीचं असंच होतं असं मी सांगत नाही. मॅमोग्राफी चुकतेही, विशेषतः स्तन दाट असतील, म्हणजे त्यांत चरबी कमी आणि दूधग्रंथींचा भाग जास्त असेल तर. अशा वेळी सोनोग्राफीची जोड देतात. दोन तपासण्यांच्या मधे गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर 'गेल्या वर्षी नॉर्मल होतं' म्हणून बसायचं नाही. काही वेळा पुढे कधी त्रास दिलाच नसता असं काही सापडतं आणि उपचार होतात, हेही खरं. आणि गावात मशीनच नसेल तर? मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा ठोस फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर मशीनची वाट बघत बसण्यापेक्षा सेविकेचा हात बरा.

गेल्या महिन्यात मावशी तपासणीला आल्या. दूध संस्थेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर पुढच्या मॅमोग्राफीची तारीख लिहिलेली दाखवली. सोबत एक बाई होत्या, पदराखाली हात झाकून. "ही आमची नणंद. हिच्या हाताचं काय हुतंय का बघा की." सहा वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या सुजेवरही दाबाची बाही असते, व्यायाम असतात, हलका मसाज असतो, पूर्ण गेली नाही तरी ती आटोक्यात येते. मी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिनं टेप काढून मनगट, कोपर, दंड मोजून कागदावर आकडे लिहायला घेतले. नणंदबाई त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

"हितं," मनगटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "किती झालं की बांगडी चढंल?"