गाडीची नाडी : टाकीचं झाकण आधी शोधा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडे दुसऱ्या महायुद्धातली, 1944 ची विलीज जीप विकायला आहे. हिरवा लष्करी रंग, बॉनेटवर पांढरा तारा, डॅशबोर्डवर इंग्रजी मजकुराच्या तीन पट्ट्या. आरसी बुकात मात्र साल 1958 आहे. 'लिलावात घेतली तेव्हाचं साल आहे ते,' असं मालक म्हणतात. मागतात अकरा लाख. सहा फोटो सोबत पाठवतो आहे. गाडी अस्सल आहे का? – एक वाचक, कराड

उत्तर : सहापैकी चार फोटो ताऱ्याचेच काढलेत तुम्ही! तारा रंगवायला पत्र्याचा साचा आणि पाव लिटर रंग पुरतो. डॅशवरच्या त्या तीन पट्ट्याही नव्या कोऱ्या विकत मिळतात. मला उपयोग झाला तो तुमच्या पाचव्या फोटोचा, त्यात चुकून गाडीची बाजू आली आहे. तिथे बाहेरच्या पत्र्याला पेट्रोलच्या टाकीचं झाकण दिसतं. युद्धातल्या जीपला ते बाहेर नसतं. तिची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि सीटची गादी उचलल्याशिवाय पेट्रोल भरता येत नाही. सहाव्या फोटोत मागे उघडणारा फाळकाही दिसतो. लष्करी जीपची मागची बाजू बंद असते, तिथे स्टेपनी आणि जेरीकॅन टांगतात. पुढची काचही तुमच्या फोटोत एकसंध आहे. युद्धातल्या जीपला दोन वेगळ्या काचा असतात.

म्हणजे बॉडी युद्धातली नाही, एवढं मी घरबसल्या सांगतो. पण यावरून गाडीच खोटी, असं मात्र म्हणवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्रे कुजतात, आणि जुन्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, नंतरची बॉडी चढवून शेतात राबणाऱ्या जीपा मी ढिगाने पाहिल्या आहेत. तेव्हा साताऱ्याला जा, आणि जाताना जुने कपडे घालून जा, कारण गाडीखाली झोपायचं आहे.

पुढच्या जाळीच्या मागे, चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा दांडा बघा. तो गोल नळीचा असेल तर चासी युद्धकाळातल्या विलीजची. उलट्या यू आकाराचा असेल तर घाई करू नका. तेव्हा फोर्ड कंपनीही याच आराखड्याची जीप बनवत होती, तिचा दांडा तसाच असतो. पण युद्धानंतरच्या नागरी जीपचाही गोल नसतो. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो आणि 'जीपीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होतो. फोर्डने कित्येक सुट्या भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' उठवलेला असे. आता तसे बोल्टही नवे मिळतात, तेव्हा एका बोल्टवर हुरळू नका. विलीजचा नंबर मात्र चासीवर ठोकलेला नसतो. डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर तो असतो. तिथे पट्टीपेक्षा रिव्हेट नीट बघा. ऐंशी वर्षांच्या चिखलात एकटे रिव्हेटच चकचकीत कसे राहतील?

इंजिनाचा आणि चासीचा नंबर जुळलाच पाहिजे, असं ऐकून बरेच जण जातात. फोर्डच्या बाबतीत ते ठीक आहे, कारखान्यातून दोन्ही एकच येत. विलीजचे मुळातच वेगळे असत. विलीजवाला 'तंतोतंत जुळतात हो' म्हणून छाती पुढे काढत असेल, तर मी उलट चष्मा पुसून बघतो.

मग बॉनेट उघडा. लष्करी जीपचं इंजिन बुटकं, वरून सपाट, कार्बोरेटर बाजूला. कार्बोरेटर इंजिनच्या डोक्यावरच बसलेला असेल तर ते नंतरचं, सीजे-थ्रीबी या नागरी जीपचं उंच इंजिन. त्याच्या उंचीपायीच थ्रीबीचं बॉनेट इतकं वर चढलेलं दिसतं. जाळीच्या उभ्या खाचाही मोजा : लष्करी गाडीला नऊ, नागरीला सात. आणि माझी आवडती खूण, हेडलाइट. युद्धातल्या जीपचे दिवे छोटे, जाळीच्या आत दडलेले असतात आणि फुलपाखरी नट सैल केला की मागे उलटतात, म्हणजे रात्री त्यांच्याच उजेडात इंजिन दुरुस्त करता यावं. असे दिवे उलटले की अजूनही मला पोरासारखं हसू येतं.

एक चुंबक फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा. पत्र्यावर जिथे तो चिकटणार नाही, तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

हे सगळं मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. 1987 साली नाशिक रोडला मी स्वतः नऊ खाचांची एक जीप घेतली. जाळी बघितली, खाली वाकलो नाही. नाव लावायला गेलो तेव्हा तपासणीत चासीचा नंबर घासून पुन्हा ठोकलेला निघाला. दोन वर्षं ती शेडमध्ये पडून होती आणि आमच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. नऊ खाचांची खुराडी आमच्याकडेच होती!

आरसीतल्या 1958 बद्दल मालक खोटं बोलत असतील असं नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांच्या कागदावर बऱ्याचदा पासिंगचं साल चढलेलं असतं. पण त्याने 1944 सिद्धही होत नाही. चासी नागरी निघाली तरी तोंड पाडू नका. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्राने जुळवलेल्या जीपांनीही या देशात कमी कष्ट उपसलेले नाहीत. फक्त तिला तिच्याच भावात मागा, ताऱ्याच्या भावात नको. आणि चासीचा नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडल्याशिवाय बयाणा देऊ नका.

प्रश्न : आजोबांची 1966 ची फियाट घरात आहे. व्हिंटेज नोंदणी केली तर जुना नंबर जाईल का? रोज ऑफिसला नेता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. आधीच नोंद झालेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. 'व्हीए' अक्षरांचा नवा क्रमांक नव्याने नोंदणाऱ्यांना मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. ऑफिसला मात्र लोकलनेच जा. व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. आणि कोणी डिझेल इंजिन बसवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.