डब्लिनहून न्यूग्रेंजची एक दिवसाची गाइडेड टूर करावी का? सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात आणि लिफ्टमध्येही तिला कोंडल्यासारखं होतं.

करा. फक्त पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारा : तिकिटात न्यूग्रेंजच्या, म्हणजे तिथल्या पाच हजार वर्षं जुन्या दगडी समाधीच्या, आत जाणं धरलंय की नुसतं बाहेरून दर्शन?

हे ठेच लागल्यावर सांगतेय. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जाहिरातीत आतल्या दगडी खोलीचा झकास फोटो होता. तिथे पोचल्यावर कळलं की आमचं तिकीट बाहेरच्या बाहेर फिरण्याचं आहे. आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात, त्यामुळे ती तिकिटं आधीच संपतात. दुसऱ्या वेळी आई आली होती, तेव्हा मी आधी ईमेलवर लेखी उत्तर मागून घेतलं.

तुमची बस थेट समाधीपाशी जात नाही. आधी ब्रू ना बोन्या या परिसराचं व्हिजिटर सेंटर, मग बॉइन नदीवरचा पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडून तिथल्याच छोट्या बसने वर जायचं. आत नेणारे गाइडही तिथलेच. वाऱ्याचं जॅकेट उन्हाळ्यातही घ्या. आम्ही दशम्या नेल्या होत्या, त्याचं चीज झालं.

आता मुख्य गोष्ट. सुमारे 85 मीटर व्यासाचा हा गवताळ टेकाडासारखा ढिगारा इसवी सनापूर्वी 3200 च्या आसपासचा, म्हणजे मोहेंजोदडो वसायच्या कितीतरी आधीचा. पायथ्याशी 97 मोठे दगड आडवे लावलेत. दारासमोरच्या दगडावर कोरलेली चक्राकार वेटोळी नीट बघून घ्या. घाईत लोक तो ओलांडून पुढे जातात. समोरची पांढरीशुभ्र गारगोटीची भिंत मात्र आहे तशी सापडलेली नाही. 1962 ते 1975 या काळात प्रा. मायकेल ओकेली यांनी उत्खनन केलं, त्यानंतर पडलेले दगड वापरून ती उभारली. काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात, हे दगड मुळात दारापुढे जमिनीवर अंथरलेले होते. मलाही ती भिंत जरा जास्तच चकचकीत वाटते.

आतला बोळ सुमारे 19 मीटर. काही ठिकाणी दोन्हीकडचे दगड आत कललेत, तिथे वाकून, अंग चोरून जावं लागतं. सॅक बाहेर, फोटो बंद. शेवटी खोली येते आणि एकदम मान वर करता येते. छत सहा मीटर उंच, चुना-सिमेंट काही नाही. उतरंड रचावी तसे दगड एकावर एक, प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेलेला. दगडांच्या फटी जळकी माती आणि समुद्राची वाळू घालून बुजवल्यात, वरच्या बाजूला पाणी वाहून जायला खाचा आहेत. पाच हजार वर्षांत छत गळलेलं नाही. आमच्या सोसायटीची गच्ची दर जूनमध्ये गळते, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच वेळ वर बघत उभी होते. बाजूच्या कोनाड्यांमध्ये मोठ्या दगडी परातींसारखी पात्रं आहेत. उत्खननात इथे जळालेली मानवी हाडं मिळाली.

मग गाइड सगळे दिवे घालवतात. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. थोड्या वेळाने जमिनीवरून प्रकाशाची एक बारीक पट्टी सरपटत आत येते. ती दिव्याचीच असते, बरं का. खरा सूर्य 21 डिसेंबरच्या आसपास मोजके दिवस सकाळी नऊच्या सुमाराला दारावरच्या झरोक्यातून शिरतो आणि जेमतेम 17 मिनिटं थांबतो, तेही ढग नसले तर. बोळ आत जाता जाता चढत जातो, त्यामुळे खोलीची जमीन साधारण त्या झरोक्याच्या पातळीला येते. किरण बरोबर तिथवर पोचतात ते यामुळे. ओकेलींनी हे 1967 च्या 21 डिसेंबरला प्रथम पाहिलं. त्या दिवसांतला प्रवेश आता सोडतीने मिळतो, त्यामुळे तो नाद सोडा.

आमची आई कोल्हापूरची. अंधारातच म्हणाली, "अंबाबाईचा किरणोत्सव संध्याकाळी असतोय, यांचा सकाळी."

गुडघ्यांचं म्हणाल तर दाराशी लाकडी पायऱ्या आहेत आणि बोळात वाकणं आहे. सावकाश केलं तर आमच्या आईला जमलं. कोंडल्यासारखं होण्यावर एक उपाय : गाइडला आधी सांगून आईंना सगळ्यांच्या शेवटी आत जाऊ द्या. बोळ एकपदरी आहे, शेवटी शिरणारा सगळ्यात आधी बाहेर पडतो. तुम्ही त्यांच्या पुढे राहा, मागचा रस्ता मोकळा ठेवा. ऐनवेळी नको वाटलं तर त्यांनी बाहेर थांबून दगडांभोवती फेरी मारावी. मागच्या बाजूलाही एक सुंदर कोरलेला दगड आहे आणि तिथे गर्दी कमी असते.